एका धावपट्टीच्या भरवशावर नेपाळ

काठमांडूत विमान आधी आले, रस्ता नंतर. भारताच्या मदतीने बांधलेला त्रिभुवन राजपथ १९५६ मध्ये खुला होईपर्यंत तराईतून, म्हणजे दक्षिणेच्या सपाट प्रदेशातून, या खोऱ्यात मोटार चालवत येण्याची सोयच नव्हती. पिढीजात पंतप्रधानपद भोगणाऱ्या राणा घराण्याच्या मोटारी हमालांनी खांद्यावर वाहून डोंगरापार आणल्या होत्या. अशा शहराच्या पूर्वेला, पशुपतिनाथाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, गौचर नावाचे गुरांचे कुरण होते. १९४९ साली त्या कुरणावर चार आसनांचे एक बीचक्राफ्ट बोनान्झा उतरले. त्यातून भारताचे राजदूत सुरजितसिंह मजिठिया आले होते. काठमांडूत उतरलेले पहिले विमान म्हणून त्याचीच नोंद सांगितली जाते.

पुढच्याच वर्षी या कुरणाने नेपाळचा इतिहास बदलताना पाहिला. नोव्हेंबर १९५० मध्ये राजे त्रिभुवन यांनी राणांच्या पहाऱ्यातून निसटून कुटुंबासह भारतीय दूतावासात आश्रय घेतला. राणांनी मागे राहिलेल्या चिमुकल्या नातवाला, ज्ञानेंद्र यांना, गादीवर बसवले. थोड्याच दिवसांत राजे गौचरवरून भारताच्या विमानाने दिल्लीला गेले. फेब्रुवारी १९५१ मध्ये ते विमानानेच परतले आणि शतकभराची राणाशाही संपली. १९५५ मध्ये त्रिभुवन यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र महेंद्र यांनी त्याच वर्षी विमानतळाचे उद्घाटन करून त्याला वडिलांचे नाव दिले.

गवताच्या धावपट्टीवर १९५७ मध्ये काँक्रीट पडले. १९६७ मध्ये ती ६,६०० फुटांची झाली आणि लुफ्तान्साचे बोइंग ७०७ उतरले. १९७५ मध्ये ती १०,००० फुटांवर गेली. आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठीचे टर्मिनल १९९० चे. धावपट्टी मात्र तेव्हाही एकच होती आणि आजही एकच आहे.

ती आहे कुठे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,३३८ मीटर उंचीवर, एका टेकाडाच्या सपाट माथ्यावर आहे आणि खोऱ्याला चारही बाजूंनी डोंगर आहेत. विरळ हवेमुळे उड्डाण करताना वजनाचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो. दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाला सरळ उताराने खाली येता येत नाही. ठरावीक अंतरावर ठरावीक उंची राखत, पायरी पायरीने डोंगररांग ओलांडायची आणि शेवटच्या टप्प्यात झपाट्याने खाली यायचे.

यातली एक जरी पायरी लवकर उतरली तर काय होते, ते २८ सप्टेंबर १९९२ रोजी दिसले. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे एअरबस ए-३०० नेमून दिलेल्या उंचीच्या खाली येत राहिले आणि दक्षिणेच्या डोंगरावर आदळले. विमानातले सर्व १६७ जण गेले. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी, ३१ जुलैला, थाई एअरवेजचे विमान तांत्रिक अडचणीनंतर वळण घेताना दिशा चुकून उत्तरेकडे गेले. ते लांगटांगच्या डोंगरावर आदळून ११३ जणांचा जीव गेला. तेव्हा नियंत्रण कक्षाकडे रडार नव्हते, त्यामुळे विमान नेमके कुठे आहे हे वैमानिक सांगेल तेवढेच कळायचे. जपानच्या मदतीने रडार बसले, पण दोन विमाने आणि २८० माणसे गमावल्यानंतर. हा उशीर माफ करण्यासारखा नाही.

भारतीयांच्या मनात हा विमानतळ रुतला तो २४ डिसेंबर १९९९ मुळे. काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी-८१४ मध्ये शस्त्रे घेऊन पाच अपहरणकर्ते चढू शकले. कंदाहारमधले ओलीसनाट्य ३१ डिसेंबरला तीन दहशतवाद्यांच्या सुटकेने संपले. त्यानंतर इंडियन एअरलाइन्सने काही महिने काठमांडूची सेवा बंद ठेवली.

एकाच धावपट्टीवर विसंबण्याची किंमत २०१५ मध्ये दोनदा मोजावी लागली. ४ मार्चला धुक्यात टर्किश एअरलाइन्सचे ए-३३० घसरून गवतात रुतले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण त्या एका विमानामुळे देशाची आंतरराष्ट्रीय वाहतूक चार दिवस ठप्प झाली. ते हलवायला भारतातून तज्ज्ञ आणि साधने आणावी लागली. मग २५ एप्रिलचा भूकंप. जगभरची मदत याच पट्टीवर उतरू लागली. जागेअभावी विमाने घिरट्या घालत राहिली, काही परत गेली. भारताच्या ‘ऑपरेशन मैत्री’ची विमाने मदत घेऊन यायची आणि अडकलेल्यांना घेऊन जायची, त्यांत महाराष्ट्रातले पर्यटकही होते. धावपट्टीचे नुकसान होऊ लागल्यावर अतिजड विमानांना मनाई करावी लागली.

या विमानतळाची रोजची गर्दी मात्र पर्यटकांपेक्षा कामगारांची आहे. आखाती देश आणि मलेशियाकडे निघालेली तरुण पोरे, कपाळाला टिळा, गळ्यात घरच्यांनी घातलेल्या माळा, हातात कागदपत्रांची फाइल. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर नेपाळची अर्थव्यवस्था उभी आहे. परदेशात दगावलेल्यांच्या शवपेट्याही इथेच उतरतात.

पर्याय शोधले गेले, नाही असे नाही. भैरहवाचा गौतम बुद्ध विमानतळ मे २०२२ मध्ये आणि पोखऱ्याचा १ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला, पण परदेशी कंपन्या तिकडे फारशा वळल्या नाहीत. निजगढचा मोठा विमानतळ प्रकल्प सालवृक्षांच्या जंगलामुळे वादात सापडला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे त्याबाबतचे निर्णय रद्द केले. परिणामी सगळा भार पुन्हा जुन्या गौचरवरच आला. नोव्हेंबर २०२४ पासून विस्ताराच्या कामासाठी विमानतळ काही महिने रोज रात्री दहा तास बंद ठेवण्यात आला आणि रात्रीची उड्डाणे दिवसाच्या आधीच भरलेल्या वेळापत्रकात बसवावी लागली.