दोन पिस्टन, तीन कनेक्टिंग रॉड

बीएमडब्ल्यूच्या एफ ८०० एसटी या मोटरसायकलचं इंजिन उघडलं, तर क्रँकशाफ्टवर (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर) तीन कनेक्टिंग रॉड (पिस्टनला त्या दांड्याशी जोडणारे) दिसतात. सिलिंडर मात्र दोनच. तिसऱ्या रॉडच्या टोकाला पिस्टन नाही. तो वर सिलिंडरकडे न जाता खाली इंजिनाच्या पोटात उतरतो आणि तिथे एका आडव्या, वजनदार तरफेला जोडलेला असतो. पेट्रोल जाळण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. पण तो नसता, तर या गाडीवर दिवसभराचा प्रवास करायला फारसं कुणी धजावलं नसतं.

ही गाडी २००६ साली आली. इंजिन ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्शेनच्या रोटॅक्स कंपनीसोबत तयार केलेलं आणि गाडीची जुळणी बर्लिनच्या श्पांडाउ भागातल्या कारखान्यात. वर्ग ‘स्पोर्ट टूरर’. म्हणजे वळणांवर चपळ हवी आणि मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लादून दिवसाला पाच-सहाशे किलोमीटर गेल्यावर मनगटं, पाठ शाबूतही हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर येतात. चपळाईसाठी गाडी हलकी आणि अरुंद हवी, तर आरामासाठी इंजिन मऊ चालणारं हवं. चार सिलिंडरचं इंजिन मऊ चालतं, पण ते रुंद आणि जड. एका सिलिंडरचं हलकं, पण मोठ्या आकारात हाडं खिळखिळी करणारं. राहता राहिले दोन सिलिंडर, आणि खरा पेच इथूनच सुरू होतो.

आकडे पाहू. सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५.६ मिलिमीटर, दोन्ही मिळून ७९८ सीसी. इंजिन ८,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८,००० फेऱ्यांनी, फिरतं तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला १३३ वेळा वर जाऊन खाली येतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. वेग ऐकायला साधा वाटतो, पण पिस्टनला हा वेग दर फेरीत दोनदा शून्यावर आणून उलटा फिरवावा लागतो. दोन्ही टोकांना थांबून वळताना त्याचं त्वरण सरासरीने गुरुत्वाकर्षणाच्या २,७०० पटींच्या घरात जातं. पाव किलोचा एखादा तुकडा या त्वरणाने मागे खेचायचा, तर पावणेसातशे किलो वजनाइतकं बल लागतं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढंच बल उलट दिशेने क्रँकशाफ्टवर, तिथून इंजिनाच्या सांगाड्यावर आणि शेवटी चालवणाऱ्याच्या तळहातांवर येतं. थरथर म्हणतात ती हीच.

आता दोन पिस्टन एकमेकांच्या सोबत कसे हलवायचे हा प्रश्न. एका उखळात दोघी जणी कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली असतं, आणि दोन्ही मुसळं एकदम आपटली तर उखळच उडी मारेल. मग इंजिनातही तसंच, एक वर एक खाली, का करू नये? करतात. पुण्याजवळ चाकणला जुळणी होणाऱ्या कावासाकी निन्जा ६५० मध्ये अशीच, १८० अंशांची रचना आहे. तिथे दोन पिस्टनची मुख्य बलं एकमेकांना मारतात. पण फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच पेटतो, म्हणून अशा इंजिनाचे ठोके विषम पडतात: एक ठोका, अर्ध्या फेरीनंतर दुसरा, मग दीड फेरी शांतता. (राजदूत आरडी ३५० आठवत असेल तर तिची मांडणीही १८० अंशांचीच होती. ती टू-स्ट्रोक, दर फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटायचा, म्हणून तिचे ठोके समान.) शिवाय दोन पिस्टन शेजारी शेजारी असल्याने, एक वर ओढतो आणि एक खाली, त्यामुळे इंजिन डावी-उजवीकडे डुलू पाहतं. तेवढ्यासाठी बॅलन्स शाफ्ट, म्हणजे उलट धक्का देणारा वजनदार फिरता दांडा, घालावाच लागतो.

बीएमडब्ल्यूने उलटा रस्ता धरला. दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली, आणि दर फेरीला आळीपाळीने एक सिलिंडर पेटणार. म्हणजे ३६० अंश. ठोके घड्याळासारखे समान पडतात, कार्यक्षम इनटेक आणि एक्झॉस्ट बसवणं सोपं जातं, आणि आवाज कंपनीच्या १९२३ पासूनच्या बॉक्सर इंजिनाच्या जवळ जातो. त्या बॉक्सरचे ठोकेही दर फेरीला एक असेच असतात. पण बॉक्सरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर असतात, एकाचा धक्का दुसरा झेलतो. इथे दोन्ही एकाच दिशेला, त्यामुळे धक्का दुप्पट.

हे दुखणं जुनं आहे. ट्रायम्फची १९३७ ची स्पीड ट्विन ३६० अंशांचीच होती आणि तिच्यानंतर जवळजवळ सगळ्या ब्रिटिश कंपन्यांनी तोच साचा गिरवला. ५०० सीसीपर्यंत ते खपून गेलं. इंजिनं ६५० आणि ७५० सीसीची झाली तसे बोल्ट सैल होऊ लागले, दिव्यांचे बल्ब जाऊ लागले. नॉर्टनने १९६७ च्या कमांडोमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) असा अख्खा गठ्ठाच रबराच्या आधारांवर टांगला. थरथर इंजिनातच राहू दे, चालवणाऱ्यापर्यंत पोचली नाही म्हणजे झालं, असा तो हिशेब. चतुर होता, पण मूळ रोग तसाच ठेवणारा.

रोग बरा करायचा तर नुसतं क्रँकशाफ्टवर उलट बाजूला वजन लावून भागत नाही. पिस्टन सरळ रेषेत वर-खाली होतो, वजन मात्र गोल फिरतं. वर-खालीचा धक्का मारायला जावं, तर ते वजन पुढे-मागे नवा धक्का देतं. दुसरी अडचण अधिक बारीक आहे. क्रँक पाव फेरी फिरला की पिस्टन अर्ध्या वाटेवर आला असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो अर्ध्याच्या खाली पोचलेला असतो, कारण कनेक्टिंग रॉड तोपर्यंत तिरका झालेला असतो आणि तिरक्या रॉडची उभी उंची कमी भरते. त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला जितक्या झटक्यात वळतो, तितक्या झटक्यात खालच्या टोकाला वळत नाही. या फरकातून फेरीला दोनदा येणारी आणखी एक थरथर जन्माला येते. तिला दुय्यम कंपन म्हणतात. ती १८० अंशांच्या इंजिनात बेरजेत जाते, ३६० अंशांच्याही जाते. बॅलन्स शाफ्टने ही घालवायची तर इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरणारे आणखी दोन शाफ्ट हवेत. म्हणजे वाढीव गिअर, त्यांची घरघर आणि तेल घुसळण्यात वाया जाणारी ताकद.

तिसरा रॉड हा सगळा खटाटोप टाळतो. क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर, दोन पिस्टनच्या मधोमध, एक विकेंद्री चकती आहे. पिस्टनच्या क्रँकपिनांच्या अगदी उलट बाजूला. पिस्टन वर निघाले की या चकतीवरचा रॉड खाली निघतो आणि तरफेचं वजनदार टोक खाली ढकलतो. तरफ लांब असल्याने तिचं टोक जवळजवळ सरळ रेषेतच हलतं. यातली खरी मेख अशी की हा रॉड क्रँकच्या खाली आहे, म्हणजे पिस्टनच्या रॉडचं हुबेहूब आरशातलं प्रतिबिंब. वरचा रॉड जेवढा तिरका होतो तेवढाच खालचाही होतो, त्यामुळे तिरकेपणातून येणारं दुय्यम कंपनही आपोआप उलट दिशेने तयार होतं आणि मुख्य कंपनासोबत निकाली निघतं. दुप्पट वेगाचे शाफ्ट नाहीत की गिअर नाहीत. एका परीने बीएमडब्ल्यूने आपल्या बॉक्सरचा समोरचा पिस्टनच इंजिनाच्या तळाशी लपवला आहे. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. डुकाटीने १९९३ च्या सुपरमोनो या एका सिलिंडरच्या रेसिंग गाडीत असाच रिकामा रॉड वापरला होता. पण तेव्हा मोजक्याच गाड्या बनल्या. रोज ऑफिसला नेता येईल अशा गाडीत, हजारोंच्या संख्येने, ती बसवणं ही वेगळी कर्तबगारी.

पूर्ण निर्दोष मात्र तीही नाही. या मांडणीत दोन्ही पिस्टन आणि खालची तरफ, तिघेही एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी सर्वाधिक वेगात असतात. थांबताना ते आपली ऊर्जा क्रँकशाफ्टला देतात, वेग घेताना परत मागतात. परिणामी क्रँकशाफ्ट एका फेरीतच दोनदा किंचित वेगावतो आणि दोनदा मंदावतो. हा दोष कुठल्याही प्रतिवजनाने जात नाही. उलट तरफेचं वजन वाढल्याने तो थोडा वाढतोच. मधल्या आरपीएमवर हँडलला बारीक झिणझिण्या येतात असं या गाडीचे अनेक मालक सांगतात, त्यामागे हे एक कारण असावं असं मला वाटतं.

इंजिन ३० अंश पुढे झुकवलेलं आहे, त्यामुळे वजन पुढच्या चाकाकडे सरकतं. मागे माणूस आणि सामान लादायचं असलं की हे फायद्याचं. पेट्रोलची टाकीही नेहमीच्या जागी नाही, ती सीटखाली आहे आणि झाकण मागे उजव्या बाजूला. पेट्रोल पंपावरचा माणूस आधी पुढेच झाकण शोधतो म्हणतात. पुढे जिथे टाकी दिसते तिथे एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरी आहे. १६ लिटर पेट्रोलचं वजन १२ किलोच्या आसपास. ते गुडघ्यांच्या उंचीवरून खाली आणलं की गाडी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवताना कमी जोर लागतो. टाकी भरलेली असताना एकूण वजन २०९ किलो.

ताकद ८,००० आरपीएमला ८५ अश्वशक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५,८०० आरपीएमला ८६ न्यूटन-मीटर. या दोन आकड्यांतून एक गोष्ट काढता येते. ८५ अश्वशक्ती म्हणजे ६२.५ किलोवॉट, तिला ८,००० आरपीएमच्या कोनीय वेगाने भागलं की टॉर्क येतो सुमारे ७५. म्हणजे सर्वोच्च टॉर्कनंतर आणखी २,२०० आरपीएम वर गेल्यावरही टॉर्क जेमतेम १३ टक्क्यांनी घसरतो. ओव्हरटेक करताना गिअर खाली घ्यायची घाई करावी लागत नाही, ती यामुळे.

एवढी ताकद हवी कशाला? हवेसाठी. स्वारासकट अशा गाडीचं हवेला अडणारं प्रभावी क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर धरलं, तर ताशी १२० किलोमीटरला हवा आणि टायरचं घर्षण मिळून १७ अश्वशक्तीच्या आसपास लागतात. ताशी २०० ला मात्र एकट्या हवेसाठीच ७० लागतात, कारण हवेशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कंपनीने दिलेलं इंधन-खर्चाचं प्रमाण ताशी ९० ला १०० किलोमीटरमागे ३.४ लिटर आणि ताशी १२० ला ४.४ लिटर. आपल्या हिशेबात लिटरला सुमारे २९ आणि २३ किलोमीटर. गंमत अशी की या दोन वेगांत हवेचा विरोध ७८ टक्क्यांनी वाढतो, पण पेट्रोल ३० टक्केच जास्त जातं. मोठं इंजिन रमतगमत चालवलं की ते वाया जास्त घालवतं. स्वतःचं घर्षण आणि अर्धवट बंद थ्रॉटलमधून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्याचे कष्ट यांत पेट्रोल जातं. बोजा वाढला की त्याच पेट्रोलमधून चाकापर्यंत जाणारा वाटा वाढतो. वरचंच क्षेत्रफळ धरून हिशेब केला तर तो वाटा २२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांच्या आसपास जातो.

मागच्या चाकाकडे ताकद नेणारी चेन नाही, दातेरी बेल्ट आहे. तेल लावायचं नाही, आवाज नाही, पँटच्या पायावर काळे डाग नाहीत. मागचा स्विंगआर्म एका बाजूचा असल्याने बोल्ट सोडवून चाक काढता येतं, बेल्टला हात लागत नाही. मग याच इंजिनाच्या एफ ८०० जीएसला चेन का दिली? कच्च्या रस्त्यासाठी बनलेल्या त्या गाडीच्या सस्पेन्शनची हालचाल खूप मोठी असते, आणि चाक वर-खाली झालं की पुढच्या-मागच्या पुलीतलं अंतर थोडं बदलतं. चेनमध्ये ढिलेपणा ठेवता येतो, बेल्टला तो चालत नाही. शिवाय दात्यांत अडकणारे खडे.

२०१३ मध्ये एसटीची जागा एफ ८०० जीटीने घेतली. ताकद ९० अश्वशक्ती, टाकी १५ लिटर, स्विंगआर्म ५० मिलिमीटरने लांब, भार पेलण्याची क्षमता ११ किलोने जास्त, फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं कवच) रुंद. तिसरा रॉड तसाच. पण तोवर बाकीचं जग २७० अंशांकडे, म्हणजे दोन पिस्टनमध्ये पाऊण फेरीचं अंतर ठेवणाऱ्या मांडणीकडे, निघालं होतं. यामाहाने १९९५ च्या टीआरएक्स ८५० मध्ये ती मांडणी आणली होती; आपल्याकडे २०१८ पासून रॉयल एनफील्डच्या ६५० मध्ये ती ऐकू येते. हिच्यात एक पिस्टन थांबतो तेव्हा दुसरा जवळपास पूर्ण वेगात असतो, त्यामुळे क्रँकशाफ्टची ती ऊर्जेची देवाणघेवाण घरच्या घरी मिटते. दुय्यम कंपनही एकमेकांना मारतं. उरलेल्या मुख्य कंपनाला बॅलन्स शाफ्ट पुरतो आणि आवाजाला व्ही-ट्विनसारखा (‘व्ही’ आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखा) लंगडता ठेका येतो, जो लोकांना आवडतो. बीएमडब्ल्यूनेही २०१८ च्या एफ ८५० जीएसमध्ये तिसरा रॉड सोडून २७० अंश आणि दोन बॅलन्स शाफ्ट घेतले. २०२० मध्ये जीटीची जागा व्यापणारी एफ ९०० एक्सआर आली तेव्हा टाकी पुन्हा पुढे गेली होती, बेल्टच्या जागी चेन आणि एका बाजूच्या स्विंगआर्मच्या जागी नेहमीचा दुहेरी. गाडी म्हणून एक्सआर जास्त ताकदवान आहे, तिचं इंजिनही वरच्या आरपीएमला अधिक खुशीत चालतं. तरी दोन इंजिनं समोर उघडी ठेवली तर मी आधी जुन्याच्या तळाशी डोकावेन.