दीक्षेसाठी शिफारस (ग्रामीण विदर्भ)

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अनेक वर्षे काम केलेल्या सेवकाला पाळक (पास्टर) म्हणून दीक्षा द्यावी, अशी त्याच्याच मंडळीने वरिष्ठांकडे केलेली लेखी मागणी म्हणजे दीक्षेची शिफारस. हिचा आधार बायबलच्या नव्या करारात आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये सात सेवक लोकांनी निवडले आणि प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ३) अध्यक्ष (मंडळीची देखरेख करणारा) नवशिका नसावा आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे, अशी अट आहे. आपल्या गावखेड्यांत ही दुसरी अट मोलाची ठरते, कारण ख्रिस्ती घरे मूठभर आणि भोवतीचा सारा गाव इतर धर्मांचा असतो.

विदर्भातील प्रोटेस्टंट मंडळ्यांची मुळे निरनिराळ्या मिशनांत आहेत. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. वऱ्हाडात अलायन्स मिशनने, तर यवतमाळकडे फ्री मेथोडिस्टांनी काम केले. सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून उत्तर भारत मंडळी, म्हणजेच सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाली. त्यामुळे शिफारशीची रीत सगळीकडे सारखी नाही. सीएनआयमध्ये पास्टरेट कमिटीचा (स्थानिक मंडळीच्या समितीचा) ठराव बिशपच्या धर्मप्रांताकडे जातो, तिथे मुलाखत व छाननी होते, आणि बिशप आधी डीकन (पहिली पायरी) व नंतर प्रेस्बिटर (पूर्ण पाळक) म्हणून दीक्षा देतात. मेथोडिस्ट परंपरेत स्थानिक उपदेशकाचे नाव खालच्या सभेकडून वार्षिक परिषदेपर्यंत चढत जाते. रोमन कॅथलिकांत तरुण मुलगा सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या विद्यालयात) जातो तिथूनच वाट सुरू होते, त्यामुळे संसारी, अनुभवी सेवकाच्या शिफारशीचा प्रश्न तिथे क्वचितच येतो.

शिफारशीची निकड कळते ती प्रभुभोजनाच्या वेळी. गावातला सुवार्तिक (धर्मप्रचारक) किंवा मंडळीतला वडील (एल्डर) भक्ती चालवतो, संडेस्कूल घेतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो, मयताला मातीही देतो. वेचणीच्या दिवसांत माणसे अंधार पडेपर्यंत कपाशीत असतात, म्हणून तो रात्री जेवणानंतर ओसरीवर प्रार्थना ठेवतो. पण प्रभुभोजनाचा विधी दीक्षित पाळकानेच करायचा असतो, म्हणून भाकर मोडून द्राक्षारस द्यायला तालुक्याहून पाळकसाहेबच यावे लागतात, आणि त्यांच्याकडे अशी बरीच गावे असतात. लेकराचा बाप्तिस्माही त्यांच्या येण्यावर थांबतो. लग्नाचेही तसेच आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने हा अधिकार दीक्षित पाळक, सरकारी परवाना असलेले धर्मसेवक, विवाह निबंधक अशा ठरावीक व्यक्तींनाच दिला आहे. रोज सोबत असणाऱ्या माणसाच्या हातून हे विधी व्हावेत, ही मंडळीची तळमळ अगदी रास्त आहे.

पत्रात काय लिहावे, याचा ठरलेला नमुना नसतो. ‘अत्यंत प्रामाणिक, होतकरू व मनमिळाऊ’ अशी विशेषणे भरलेली पत्रे छापखान्यातून आल्यासारखी दिसतात आणि छाननी करणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. प्रस्तुत लेखकाने पाहिलेले एक पत्र हजेरीपटाच्या आखीव कागदावर होते. नाल्याला पूर असताना हा सेवक लांबच्या पुलावरून फिरून पायी आला आणि मरणाला टेकलेल्या म्हातारीजवळ रात्रभर स्तोत्र २३ वाचत बसला, एवढे त्यात होते. पुढे दानपेटीचा हिशेब तो दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचतो, असे एक वाक्य. खाली सह्या आणि दोन अंगठे. शिफारस अशी असावी. ती साक्ष आहे, म्हणून सेवकाचा दोष माहीत असेल तर तोही त्यात यायला हवा. कोणावर घाईने हात ठेवू नयेत, असे तीमथ्याला बजावलेले आहे. भावकीतला किंवा मर्जीतला माणूस पुढे करण्यासाठी लिहिलेल्या पत्राची किंमत शेवटी मंडळीच मोजते.

मोठी अडचण शिक्षणाची. दीक्षेसाठी बहुधा धर्मशिक्षणाची पदवी मागतात. १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. पंचेचाळिशीतल्या, कोरडवाहू शेती आणि शाळकरी मुले सांभाळणाऱ्या सेवकाने काही वर्षे पुण्यात राहायचे कसे? सेरामपूरच्या सिनेटचे (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेचे) घरी राहून करता येणारे अभ्यासक्रम आहेत, त्यांचा उपयोग होतो. तरीही वीस-वीस वर्षे राबलेली माणसे कागदाअभावी मागे राहतात, हे या व्यवस्थेतले खरे दुखणे आहे. पूर्वी ‘बायबलबाई’ म्हणून बायबल शिकवत घरोघर फिरणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तर शिफारस क्वचितच आली.

दीक्षा मिळाली की पाळक बदलीच्या नियमाखाली येतो. ज्या गावाने आपला माणूस आपल्यासाठी मागितला, तिथून त्याला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवले जाऊ शकते. म्हणून काही मंडळ्या पत्राच्या शेवटी त्याला निदान काही वर्षे इथेच ठेवावे, अशी विनंती जोडतात. ती मान्य करणे वरिष्ठांवर बंधनकारक नसते.