जात्यावर बसलं की ओवी सुचते कशी?

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. अंगावर काम पडलं की ते आपोआप जमतं, एवढाच अर्थ आपण तिच्यातून घेतो. पण ती शब्दशः घेतली तर तिच्यात एक सरळ प्रश्न दडलेला आहे. ओवी जात्यावरच का सुचते?

पहाटे दोघी समोरासमोर बसत. एकच खुंटा दोघींच्या मुठीत, एकीने ओढायचं, दुसरीने ढकलायचं, मधूनच जात्याच्या तोंडात मूठभर वैरण टाकायची. दळण संपेपर्यंत गाणं थांबत नसे. गाणाऱ्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे त्यांनी या ओळी कागदावर लिहून ठेवल्या नव्हत्या. तरीही हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात पुण्यातून ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा पुढच्या काही वर्षांत हजाराहून जास्त गावांमधून लाखभर ओव्या जमल्या. कागदाशिवाय, पेनाशिवाय, घामाघूम होत असताना केलेली ही रचना. एवढी कविता त्यांच्या डोक्यात तयार कशी झाली आणि राहिली कशी?

आपलं मन एका क्षणी फार थोड्या गोष्टी हातात धरू शकतं. मानसशास्त्रज्ञ याला कार्यकारी स्मृती म्हणतात आणि तिची क्षमता साधारण चार गोष्टींची मानतात. लिहिणारा कवी सुचलेली अर्धी ओळ कागदावर ठेवून पुढच्या ओळीकडे वळू शकतो. दळणारीला ती सोय नव्हती. तिच्यासाठी कागदाचं काम ओवीच्या घडणीनेच केलं. जात्यावरची ओवी बहुतेकदा दोन ओळींची, म्हणजे एका वेळी धरून ठेवण्यासारखी. तिच्यात ‘सांगते बाई’सारखे तयार तुकडे असतात आणि पहिली ओळ पुष्कळदा ठरलेल्या वळणाची असते. ती ओठांवर असते तेवढ्या अवधीत मन दुसऱ्या ओळीची जुळवाजुळव करतं. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अमेरिकन अभ्यासकांना १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांकडे हीच युक्ती सापडली होती. हजारो ओळींची वीरगीतं ते पाठ करत नसत. तयार तुकड्यांच्या आधाराने ती गाता गाता रचत. ते गायक मैफलीत, श्रोत्यांपुढे गात. आमच्या बायकांसमोर दळणाचं सूप होतं.

यमकाचं कामही नुसत्या सजावटीचं नाही. ‘अंगावर घालायचं वस्त्र’ एवढंच सांगितलं तर मनात दहा शब्द येतात. ‘गोळीशी जुळणारा शब्द’ म्हटलं तर पोळी, होळी, टोळी, मोळी. दोन्ही अटी एकदम घातल्या की ‘चोळी’ चटकन हाती येते. मौखिक परंपरांचा स्मृतीच्या अंगाने अभ्यास करणारे डेव्हिड रुबिन यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे की अर्थ आणि यमक या दोन खुणा एकत्र आल्या की शब्द आठवण्याची शक्यता दोन्हींच्या बेरजेपेक्षाही कितीतरी वाढते. म्हणजे यमकाचं बंधन आठवण्याची वाट अरुंद करतं, आणि वाट अरुंद झाल्यामुळेच शब्द चुकत नाही.

आता जात्याकडे येऊ. ठेका नुसता ऐकताना, हात-पाय न हलवताही, मेंदूतले हालचालींशी संबंधित भाग कामाला लागतात, हे मेंदूच्या चित्रणातून दिसलं आहे. जात्यावर तर ठेका ऐकायचाही नव्हता, तो हातांतूनच निघत होता. २०१३ मध्ये जर्मनीतल्या थॉमस फ्रित्झ आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग वाचताना मला जातंच डोळ्यांसमोर दिसत राहिलं. त्यांनी व्यायामाची यंत्रं अशी जोडली की माणसांच्या जोर लावण्यातूनच संगीत तयार व्हावं. तेच लोक दुसऱ्या वेळी तसाच व्यायाम नुसतं संगीत ऐकत करत. स्वतःच्या श्रमातून संगीत घडत असताना त्यांना श्रम कमी वाटले, आणि मोजमापात शरीराचा प्राणवायूचा वापरही कमी भरल्याचं दिसलं. ऑक्सफर्डच्या नावाड्यांवरचा २०१० चा अभ्यास दोघींच्या एका खुंट्याची आठवण करून देतो. एकट्याने वल्ही मारण्यापेक्षा सगळ्यांनी एका तालात मारल्यावर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा जास्त वाढलेली आढळली. नावाडी बाराच होते, तेव्हा त्यावर फार मोठा इमला रचायला नको. पण दिशा जुळते.

याचा अर्थ दळण सुखाचं होतं असा कुणी काढला तर मला ते सहन होणार नाही. ते रोजचं, सक्तीचं, कंबर मोडणारं काम होतं. आजारात आणि गरोदरपणातही सुटत नव्हतं. गिरणी आली हे फार चांगलं झालं. ओव्या गोड आहेत म्हणून त्या कष्टांचे गोडवे गायचे नाहीत.

आणि त्या काय गात होत्या, हे तर अजून आलंच नाही. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, विठ्ठल, मरण. तीव्र भावनेच्या क्षणी मेंदूतला अमिग्डाला हा भाग स्मृती घट्ट करायला मदत करतो, म्हणून लहान वयात घर सोडून जाण्याचा दिवस म्हातारपणीही तपशिलांसह आठवतो. पण आठवणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं. सासरी नव्या सुनेने सांगायचं कुणाला? जात्याची घरघर तिचा आडोसा होती. तिथे मध्येच तिला कुणी तोडत नसे, आणि गाण्यात सांगितलेल्याचा जाब विचारता येत नसे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात भावनेला नुसतं शब्दात नाव दिल्यावर अमिग्डालाची हालचाल मंदावलेली दिसली. प्रयोगशाळेत ते लोक चेहऱ्यांची छायाचित्रं पाहत होते, खऱ्या दुःखाचं माप ते नव्हे. तरी ‘बोललं की हलकं वाटतं’ या अनुभवाचा एक धागा तिथे सापडतो असं मला वाटतं.

सीतेच्या ओव्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. त्यांत वनवास हा सासुरवास होतो, आणि सीतेने आपला सासुरवास थोडा थोडा सगळ्या बायकांना वाटून दिला, अशी कल्पना येते. रामकथा तीच, पण ऐकणारीने ती आपल्या जगण्यातून पुन्हा रचली. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं की माणूस गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही, आपल्या ओळखीच्या जगाप्रमाणे तिची नव्याने बांधणी करतो. बार्टलेट यांच्या प्रयोगात याला चूक म्हणता येईल. ओवीत त्यालाच निर्मिती म्हणावं लागतं. एकीची ओवी दुसरीकडे जाते, भावाचं नाव बदलतं, गावाचं नाव बदलतं, आणि ती तितकीच दुसरीची होते. लाख ओव्यांपैकी अमुक एक मुळात कुणी रचली, हे म्हणून सांगता येत नाही.

याच साच्यात पुढे इतिहासही आला. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर कितीतरी ओव्या गायल्या. भावाच्या कौतुकासाठी घडलेल्या ओळीत आता बाबासाहेब आले. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या बाईने एका सामाजिक उलथापालथीची नोंद केली, आणि तीही स्वतःच्या घरच्या भाषेत. शेजारणीने ती उचलली की झाला प्रसार. व्यासपीठावरच्या भाषणाची दखल इतिहासकार घेतात. या प्रसाराची दखल घ्यायला आपल्याला फार वेळ लागला.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्यांच्या कविता कागदावर उरल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये छापल्या गेल्या. घरात कवी मुलगा असण्याचा योग किती जणींच्या वाट्याला आला असेल?

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. तिथे गाणारीसाठी ‘योषिद्भिः’, स्त्रियांकडून, एवढा एकच शब्द आहे. राईरकर आणि प्वातवाँ यांच्या संग्रहात ओवीपुढे गाणारीचं नाव आहे, आणि नावापुढे तिचं गाव.