पंचाहत्तरीनंतरही मिशनवर राहायचंय? फादरांसाठी अर्ज आणि कागदपत्रं

कॅथलिक चर्चमध्ये वाढीव सेवेसाठी वेगळा फॉर्म नसतो. राजीनाम्याचं पत्र हाच अर्ज. १९८३ च्या कॅनन कायद्यातल्या (चर्चच्या स्वतःच्या कायद्यातल्या) ५३८ व्या कलमानुसार प्रमुख धर्मगुरूने, म्हणजे एका धर्मग्रामाची (पॅरिशची) जबाबदारी असलेल्या फादरने, ७५ वर्षं पूर्ण झाली की बिशपांकडे राजीनामा द्यावा, अशी अपेक्षा आहे. तो स्वीकारायचा की लांबणीवर टाकायचा, हे बिशप त्या माणसाची आणि त्या जागेची परिस्थिती पाहून ठरवतात. चांदा धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पौर्वात्य कॅथलिक परंपरेचा, असल्याने तिथे पौर्वात्य चर्चचा कायदा चालतो, पण वय तेच.

ही अट प्रमुख धर्मगुरूंना आहे. संघाचे (धर्मसंघाचे) फादर असाल तर नेमणुकीला तुमच्या प्रांतिकांची, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांची, संमतीही लागते, म्हणून आधी त्यांच्याशी बोला. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर ५८ व्या वर्षी शाळेतून निवृत्त होतात. त्यांचं मिशनचं काम पुढे चालू ठेवायचं की नाही, ते त्यांचा संघ ठरवतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांचे नियम वेगळे, ते आपापल्या कार्यालयात विचारावे.

आता पत्र. 'प्रकृती ठीक आहे' एवढंच लिहून भागत नाही. साखर, बीपी, गुडघे, डोळे, जे आहे ते लिहा आणि डॉक्टरांचा दाखला जोडा. मग जागेचं सांगा. मेळघाटात असाल तर कोरकू भाषा येते का, पावसाळ्यात कोणत्या पाड्यांवर पोचता येत नाही, जवळचा दुसरा फादर किती लांब आहे, हे बिशपांना कळायला हवं. सगळा धर्मग्राम झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांगून दोन-तीन गावांची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि आजाऱ्यांच्या भेटी मागा. माझ्या मते हट्टाने खुर्ची मागण्यापेक्षा अशी मागणी मान्य होणं सोपं.

पत्राची पोच घ्या. तीन महिन्यांत राजीनामा स्वीकारला गेला नाही तर तो निष्प्रभ होतो आणि तुम्ही पदावर कायम राहता. स्वीकारला गेला, तरी लेखी कळवल्याशिवाय पद सुटत नाही. कोणी फोनवर 'झालं म्हणे' असं सांगितलं, म्हणून चाव्या देऊ नका.

पद सुटूनही तिथेच राहणार असाल, तर सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे बिशपांचं अधिकारपत्र. पदामुळे मिळालेला पापनिवेदन (कन्फेशन) ऐकण्याचा अधिकार पदाबरोबर संपतो, तो नव्याने लेखी मागून घ्यावा लागतो. लग्न लावायला तर बिशपांची किंवा नव्या प्रमुख धर्मगुरूची परवानगी हवीच. नाहीतर चर्चच्या दृष्टीने ते लग्नच अवैध. गावातली पोरं 'आमच्या जुन्या फादरांनीच लावावं' म्हणून येतात, तेव्हा हे आठवा.

बाकी सरकारी कागद. ५५ वर्षांनंतर वाहन परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि नूतनीकरणाला फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. घाटात बोलेरो चालवणाऱ्याने ही तारीख चुकवू नये. ट्रस्टचे विश्वस्त असाल आणि जागा सोडली, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) दाखल करायचा असतो. बँकेतली सही बदलून घ्या, बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या सहीनिशी नव्या फादरांच्या ताब्यात द्या. आणि ७० पूर्ण झालेल्यांना आधारवरच्या वयानुसार पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही.