ऑटिस्टिक मुलासोबत ऑर्लँडो: डिस्नेचा डीएएस आणि युनिव्हर्सलचा पास कसा मिळवायचा?

ऑर्लँडोची सहल ठरली की विमानाची तिकिटं, हॉटेल, पार्कची तिकिटं असा क्रम आपोआप लागतो. मूल ऑटिस्टिक असेल, किंवा विकासाशी निगडित दुसऱ्या एखाद्या अपंगत्वामुळे त्याला रांगेत उभं राहणं झेपत नसेल, तर एक काम या यादीत वर आणा: रांगेसाठीची अधिकृत सोय. तिथल्या दोन मोठ्या थीम पार्कांपैकी डिस्नेची पद्धत वेगळी, युनिव्हर्सलची वेगळी. एकीकडे कागद दाखवावा लागत नाही, दुसरीकडे कागदाशिवाय पुढे सरकता येत नाही. अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं आणि पुण्या-मुंबईहून मे महिन्याच्या सुट्टीत जाणारे पालक, दोघांनाही हे आधी माहीत असलं की बरीच धावपळ वाचते.

डीएएसने नेमकं काय मिळतं

डीएएस म्हणजे डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस. ही सोय मोफत आहे आणि ऑक्टोबर २०१३ पासून सुरू आहे. त्याआधी गेस्ट असिस्टन्स कार्ड होतं. काही श्रीमंत पर्यटक अपंग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेतात आणि रांगा चुकवतात, अशा बातम्या त्या वर्षी गाजल्या आणि ते कार्ड बंद झालं.

डीएएसमुळे वाट पाहणं टळत नाही, रांगेत उभं राहणं टळतं. समजा पीटर पॅनच्या राइडला ६० मिनिटांची रांग आहे. ॲपवर त्या राइडची नोंद केली की साधारण तासाभरानंतरची वेळ मिळते. तोवर मुलाला सावलीत बसवा, भरवा, दुसरीकडे फिरवा. वेळ झाली की लायटनिंग लेन या वेगळ्या, छोट्या रांगेतून आत जायचं. तिथेही थोडं थांबावं लागतंच, त्यामुळे ‘आता थेट आत’ असं मुलाला सांगू नका. एका वेळी एकाच राइडची वेळ घेता येते. ज्याच्या नावावर डीएएस आहे, त्याने स्वतः राइडला बसणं आवश्यक असतं. मूल बाहेर आजीजवळ आणि बाकीचे राइडवर, असं चालत नाही.

पात्रता: २०२४ नंतर दार अरुंद झालं

२० मे २०२४ पासून फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये आणि १८ जून २०२४ पासून कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये नियम कडक झाले. ऑटिझम किंवा तशाच विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत दीर्घकाळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठीच ही सोय आहे, असं डिस्नेने तेव्हा स्पष्ट केलं. निदान आहे म्हणून डीएएस मिळेलच असं नाही. त्या निदानामुळे रांगेत थांबणं का जमत नाही, हे पटवून द्यावं लागतं.

व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला केवळ त्या कारणावरून डीएएस मिळत नाही. बहुतेक रांगांमधून व्हीलचेअर जाऊ शकते, आणि जिथे जात नाही तिथे राइडच्या दारावरचे कर्मचारी परत येण्याची वेळ देतात. आतड्याचे विकार, मधुमेह अशा कारणांसाठी मूल रांगेतून मध्येच बाहेर जाऊन पुन्हा आपल्या माणसांजवळ येऊ शकेल, अशी सोय सुचवली जाते. गर्दीने खचाखच भरलेल्या नागमोडी रांगेतून, पोट धरून बसलेल्या मुलाला घेऊन उलट्या दिशेने बाहेर पडायचं आणि सगळ्यांची माफी मागत परत आत यायचं, हे कागदावर वाटतं तितकं सोपं नसतं. या मुलांवर बदललेल्या नियमांनी अन्याय केला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. या नियमांविरुद्ध फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात खटलाही दाखल झाला. पण आपली सहल निकालासाठी थांबणार नाही, म्हणून आज जे नियम आहेत त्यांत बसेल अशी तयारी करायची.

कागदपत्रं

डिस्ने डॉक्टरांचं पत्र मागत नाही. तुम्ही दाखवू लागलात तरी निर्णय त्यावर होत नाही. लागतं ते एवढंच: डिस्नेच्या संकेतस्थळावर पालकाचं खातं, त्या खात्याला जोडलेली मुलाची आणि सोबतच्यांची नावं, आणि मुलाचा फोटो. शाळेचे आणि थेरपीचे अहवाल मात्र तुमच्या स्वतःसाठी कॉलआधी पुन्हा वाचून काढा. थेरपिस्टने लिहिलेली निरीक्षणं तिथे सांगायला उपयोगी पडतात.

व्हिडिओ कॉल

नोंदणी व्हिडिओ कॉलवर होते. सहलीच्या काही आठवडे आधीपासून ती करता येते. किती दिवस आधी, आणि मिळालेली सोय किती काळ चालेल, हे नियम २०२४ पासून अनेकदा बदलले आहेत, म्हणून तारखा ठरल्या की संकेतस्थळावर त्या दिवशी काय लिहिलंय ते वाचा. डिस्ने वर्ल्डमध्ये पोहोचल्यावरही नोंदणी होते, पण तीही फोनवरच्या व्हिडिओ कॉलनेच. सुट्टीचा पहिला दिवस त्यात घालवू नका, घरूनच उरकून घ्या.

खात्यात लॉगइन करून आधी चॅटमध्ये आपला नंबर येईपर्यंत थांबावं लागतं. कधी लवकर येतो, कधी बराच वेळ जातो. तेवढा वेळ मुलाला खुर्चीत अडकवून ठेवू नका. त्याला शेजारच्या खोलीत खेळू द्या आणि व्हिडिओ सुरू झाला की आणा. मूल कॉलच्या वेळी हजर असणं बंधनकारक आहे. त्याने बोलायलाच हवं असं नाही, कॅमेऱ्याकडे बघायलाही नको. अठरा वर्षांखालील मुलाच्या वतीने आई, वडील किंवा पालक बोलतात. समोर डिस्नेचा कर्मचारी असतो. गरज वाटल्यास तो इन्स्पायर हेल्थ अलायन्स या संस्थेच्या आरोग्य व्यावसायिकालाही कॉलवर घेतो.

सगळा निर्णय इथे काय बोललं जातं त्यावर ठरतो. आपल्याकडचे पालक इथे कमी पडतात, कारण परक्यासमोर मुलाच्या अडचणी सांगायला जीभ रेटत नाही. ‘तो तसा शांत आहे, फक्त गर्दीत थोडा त्रास होतो’ असं आपण सवयीने बोलून जातो, आणि समोरचा नेमकं तेच लिहून घेतो. त्याऐवजी असं सांगा: ‘दहा-पंधरा मिनिटं एका जागी थांबलो की तो कान झाकतो, मग जमिनीवर बसतो. पुढचा माणूस सरकला आणि आम्ही सरकलो नाही, तर मागचे ढकलतात. कोणी चुकून हात लावला की तो स्वतःच्या मनगटाला चावतो किंवा वाट दिसेल तिकडे पळत सुटतो. हेडफोन घातले, टॅब दिला, तरी बंद जागेत हे थांबत नाही. सावरायला अर्धा-पाऊण तास जातो.’ ‘रांगेत मध्येच बाहेर जाऊन परत यायची सोय चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. मुलाला एकदा बाहेर काढलं की पुन्हा त्याच रांगेत शिरायला तो तयार होत नाही, असं असेल तर ते स्पष्ट सांगा. वाढवून काही सांगू नका. खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर पार्कमध्ये कायमची बंदी येते आणि तिकिटांचे पैसेही जातात. खरं आहे तेच, पण घरातल्या माणसाला सांगावं तितकं तपशिलाने सांगा.

सोबत किती जण, हेही याच कॉलवर ठरतं. साधारणपणे मूल धरून चार जण चालतात. घरातली माणसं जास्त असतील तर त्याच वेळी विचारा. काका-काकू आणि त्यांची मुलं सोबत असतील तर सगळे एका डीएएसमध्ये मावणार नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

भारतातून कॉल करणार असाल तर वेळेचा हिशेब असा: फ्लोरिडात सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६:३०, हिवाळ्यात ७:३०. मुलाची जेवणाची किंवा झोपायची वेळ त्यात येते का, ते पाहा.

नकार मिळाला तर

राइडर स्विच ही सोय सगळ्यांसाठी खुली आहे. मूल उंचीत बसत नसेल किंवा त्याला राइड नको असेल, तर एक पालक मुलाजवळ थांबतो. पहिला आला की दुसरा पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो. दुसरा मार्ग पैशांचा: लायटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे त्याच छोट्या रांगेतून जाण्याचा विकतचा पास. त्याची किंमत दिवसागणिक बदलते आणि गर्दीच्या दिवसांत खिशाला चांगलीच कात्री लागते. तिसरा मार्ग म्हणजे पार्क उघडण्याआधी दारात पोहोचणं. पहिल्या दोन तासांत रांगा छोट्या असतात.

युनिव्हर्सल: इथे कागद लागतो

युनिव्हर्सलच्या सोयीचं नाव ॲट्रॅक्शन असिस्टन्स पास. त्यासाठी आधी आयबीसीसीईएस या संस्थेचं ॲक्सेसिबिलिटी कार्ड ऑनलाइन काढावं लागतं. कार्ड मोफत आहे, वर्षभर चालतं, आणि सिक्स फ्लॅग्जसारख्या इतर पार्कमध्येही वापरता येतं. अर्ज भेटीच्या किमान ४८ तास आधी करायचा. मी म्हणेन दोन-तीन आठवडे आधी करा, म्हणजे एखादा कागद परत मागितला तर वेळ हाताशी राहतो.

अर्जात मुलाचा अलीकडचा फोटो आणि डॉक्टरांचा किंवा सरकारी यंत्रणेचा अपंगत्वाचा कागद जोडायचा असतो. भारतातून जाणाऱ्यांनी बालरोगतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इंग्रजी पत्र घ्यावं. त्यात निदानाबरोबर ‘दीर्घकाळ रांगेत थांबता येत नाही’ हे वाक्य असावंच. यूडीआयडी कार्ड (भारत सरकारचं अपंगत्व ओळखपत्र) असेल तर त्याची प्रतही जोडा. जिल्हा रुग्णालयाचं जुनं प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. अर्जानंतर युनिव्हर्सलकडून संपर्क होतो आणि गरजा विचारल्या जातात. ईमेलबरोबर स्पॅमही तपासत राहा, आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवा. पार्कमध्ये गेल्यावर गेस्ट सर्व्हिसेसमध्ये तो दाखवायचा.

पार्कमध्ये गेल्यावर

मूल स्ट्रोलरमध्येच निवांत राहत असेल, तर डिस्नेच्या गेस्ट रिलेशन्समधून ‘स्ट्रोलर ॲज व्हीलचेअर’ हा टॅग मागा. तो लावला की स्ट्रोलर रांगेतही नेता येतो. हा टॅग मोफत मिळतो आणि त्याचा डीएएसशी संबंध नाही. स्ट्रोलर ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब यापेक्षा मोठा नको. ओढायच्या वॅगनला बंदी आहे.

डिस्नेच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची सेन्सरी माहिती असते: मोठे आवाज, अंधार, लुकलुकणारे दिवे, वास, अचानक होणाऱ्या हालचाली, कालावधी. मुलाबरोबर बसून ती बघा आणि नको त्या राइड आधीच गाळा. डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या पार्कमध्ये दमलेल्या मुलाला बसवायला कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हा बसून बघायचा शो ही माझ्या मते उत्तम जागा आहे: आत गारवा, अंधूक उजेड, आणि साधारण वीस मिनिटं बसून राहायचं. रात्रीच्या आतषबाजीचा आवाज पार्कभर घुमतो, त्यामुळे आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला घेऊन ती सुरू व्हायच्या आत बाहेर पडलेलं बरं.

जेवणाबाबत डिस्ने मोकळं आहे. ठरावीक चवीशिवाय खात नसलेल्या मुलासाठी घरचा दहीभात, पराठे, दशम्या आत नेता येतात. काचेचे डबे मात्र नकोत. प्रत्येक पार्कमध्ये फर्स्ट एड सेंटर आहे. तिथे थंड ठेवायची औषधं ठेवून घेतात. मोठ्या मुलाचे डायपर बदलायला किंवा कपडे बदलायला कंपॅनियन रेस्टरूम शोधा. तिथे आई मुलाला किंवा बाबा मुलीला घेऊन बिनधास्त जाऊ शकतात.

अमेरिकेतल्या विमानतळांवरच्या सुरक्षा तपासणीसाठीही अशीच एक सोय आहे, टीएसए केअर्स. उड्डाणाच्या ७२ तास आधी कळवलं तर तपासणीच्या वेळी मदतीला माणूस मिळू शकतो. औषधं मूळ वेष्टनातच ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्यासोबत, आणि हे सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात औषध टाकू नका.