शिफारसपत्राचं पाकीट आमच्याकडे आणू नका
(अमेरिकेतल्या फार्मसी रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणासाठी, ‘फोर्कास’ हा ऑनलाइन अर्ज भरणाऱ्यांकरता)

हे अर्ज भरायला आम्ही मदत करतो. डिसेंबर लागला की आमच्या टेबलावर तीच पाकिटं येऊन पडतात. कॉलेजचं लेटरहेड, प्राचार्यांची सही, खाली गोल शिक्का. “हे स्कॅन करून फोर्कासवर चढवा.” चढवता येत नाही. उमेदवाराला तिथे तशी जागाच नाही.

फोर्कासवर तुम्ही फक्त शिफारस करणाऱ्याचं नाव आणि ईमेल भरता. त्यांना लिंक जाते. ती उघडून फॉर्म त्यांनीच भरायचा: मुलगा वेळ पाळतो का, लिहितो कसा, चूक दाखवली तर ऐकून घेतो का. शिफारस वाचण्याचा हक्क सोडता का, असंही तुम्हाला विचारतात. सोडलेला बरा, नाहीतर वाचणाऱ्याला शिफारस बेतलेली वाटते.

आपल्याकडे “तूच लिहून आण, मी सही करतो” असं चालत आलंय. त्यात सरांचा दोष नाही, साठ मुलांची पत्रं कोण लिहिणार? पण त्यातूनच पुढची मागणी येते: सरांच्या नावाने नवा जीमेल काढा आणि फॉर्म तुम्हीच भरा. हे आम्ही कितीही पैसे दिले तरी करत नाही. यावरून गिऱ्हाईकं उठून गेली आहेत, जाऊ देत.

बहुतेक प्रोग्रॅमना ३ शिफारसी लागतात. प्राचार्यांच्या मागे लागू नका. फार्मडीच्या (सहा वर्षांच्या फार्मसी पदवीच्या) सहाव्या वर्षी ज्यांच्याबरोबर वॉर्डात राउंड घेतलेत, त्यांना विचारा. रुग्णाच्या औषधात तुम्ही काय सुचवलंत, हे त्यांनाच सांगता येतं. ऑक्टोबरातच भेटा, मेल येणार आहे हे सांगा, स्पॅम बघायला लावा. तुम्ही सबमिट दाबलंत तरी शिफारसी येईपर्यंत फाइल अपुरीच. सरांना देण्यासाठी आम्ही अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी केली आहे, कुठे काय दाबायचं ते सांगणारी. अडलं तर त्यांनी थेट आम्हाला फोन करावा, त्याचे पैसे नाहीत.

आता नेहमीचे प्रश्न. भारतातून शिकलेल्याला पीजीवाय-१ साठी, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षासाठी, आधी एनएबीपी या तिथल्या फार्मसी मंडळांच्या संघटनेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं; परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीचं ते प्रमाणपत्र. २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना त्यासाठी किमान ५ वर्षांचा अभ्यासक्रम हवा, म्हणून ४ वर्षांच्या बी.फार्मवर दार बंद आहे. प्रमाणपत्र हातात नसेल तर फोर्कासचे पैसे भरू नका, आधी त्याच कामासाठी या. व्हिसा प्रत्येक हॉस्पिटल देत नाही, तेव्हा प्रोग्रॅम निवडतानाच मेल करून विचारा.

फोर्कास भरलं म्हणजे मॅचला, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या जोड्या लावतात तिथे, नाव लागलं, असं नाही. मॅचची नोंदणी ती चालवणाऱ्या एनएमएस या कंपनीकडे वेगळी, तिची फी वेगळी. हे विसरणारा दरवर्षी एखादा निघतोच.

मुदती बहुतेक डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला असतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०.२९. आमचं ऑफिस ११ ला उघडतं.

लेटर ऑफ इंटेंट (हाच प्रोग्रॅम का हवा, ते सांगणारं पत्र) तुम्ही लिहायचं, आम्ही तपासतो. प्रत्येक प्रोग्रॅमचं वेगळं, आणि हॉस्पिटलचं नाव दोनदा वाचून बघतो. आमची फी एकरकमी आहे, प्रोग्रॅम वाढले म्हणून वाढत नाही. नवी फाइल १५ नोव्हेंबरपर्यंतच घेतो. येताना तिन्ही शिफारसकर्त्यांचे चालू ईमेल लिहून आणा.