विथ (इंग्रजी शब्दयोगी अव्यय)

विथ हे इंग्रजीत पावलोपावली भेटणारे शब्दयोगी अव्यय आहे. संदर्भ पाहून मराठीत त्याचा अर्थ सोबत, सह, -शी, -ने, असलेला, -मुळे असा वेगवेगळा करावा लागतो. मराठी शब्दयोगी अव्यय नामाला मागून जोडले जाते, तर विथ नामाच्या आधी आणि सुटे येते. त्याच्यापुढे नामाचे रूप बदलत नाही. सर्वनामाचे मात्र बदलते, म्हणून ‘विथ ही’ न म्हणता ‘विथ हिम’ म्हणतात.

या शब्दाचा इतिहास त्याच्या आजच्या अर्थाच्या अगदी उलट दिशेने सुरू होतो. साधारण ११व्या शतकापर्यंतच्या प्राचीन इंग्रजीत विथचा मुख्य अर्थ ‘विरुद्ध’ किंवा ‘समोर’ असा होता. सोबत आणि साधन दाखवायला ‘मिड’ हा निराळा शब्द होता. जर्मनमधला ‘मिट’ हा त्याचाच भाऊबंद. विथची व्युत्पत्ती ‘वेगळे, दूर’ अशा अर्थाच्या मूळ इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेली जाते, आणि संस्कृतातला ‘वि’ हा उपसर्गही त्याच मुळाचा मानतात. म्हणजे वियोग, विभाग, विलग या आपल्या शब्दांतला ‘वि’ आणि इंग्रजीत सोबत दाखवणारा ‘विथ’ एकाच कुळातले आहेत. इतके मोठे अर्थांतर झालेला दुसरा इतका साधा शब्द सापडणे कठीण.

हे घडले कसे? भांडणाला, बोलण्याला, सौद्याला समोर कोणीतरी लागते. ‘च्या विरुद्ध लढणे’ हे ‘च्याशी लढणे’ही असतेच, आणि तिथून ‘च्याशी बोलणे’, ‘च्यासोबत असणे’ फार दूर नाही. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत याच शब्दाला सोबतीचाही अर्थ होता. त्याचा आणि लॅटिनमधल्या ‘कुम’ (सोबत) या शब्दाचाही या बदलाला हातभार लागला असावा, असे मानले जाते. १४व्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘मिड’ जवळजवळ नाहीसा झाला. तो आज टिकून आहे तो सुईण या अर्थाच्या ‘मिडवाइफ’ शब्दात: बाळंतिणीसोबत असणारी बाई. विथचा जुना विरोधही जोडशब्दांत शिल्लक आहे. ‘विथस्टँड’ म्हणजे विरोधात उभे ठाकणे, ‘विथड्रॉ’ म्हणजे मागे घेणे, ‘विथहोल्ड’ म्हणजे रोखून धरणे. ‘विदाउट’चा मूळ अर्थ ‘बाहेर’ असा होता. लंडन शहरातल्या फॅरिंग्डन विदिन आणि फॅरिंग्डन विदाउट या दोन प्रभागांच्या नावांत तो दिसतो: एक जुन्या तटाच्या आतला, दुसरा बाहेरचा.

आजच्या वापरात सोबत (‘विथ माय सिस्टर’) आणि साधन (‘विथ अ नाइफ’) हे अर्थ प्रमुख आहेत. वैशिष्ट्य सांगतानाही विथ येते, जसे दाढीवाला माणूस म्हणजे ‘अ मॅन विथ अ बिअर्ड’. रीत (‘विथ केअर’), कारण (थंडीने कुडकुडणे) आणि पाठिंबा (‘आय ॲम विथ यू’) हे आणखी काही अर्थ. ‘विथ ऑल हिज फॉल्ट्स’ म्हणताना तर ते ‘असे असूनही’ असा अर्थ देते.

मराठी भाषकाची खरी अडचण होते ती -ने आणि -शी या प्रत्ययांपाशी. ‘वाघाने मारले’ आणि ‘काठीने मारले’ यांत आपण कर्ता आणि साधन दोघांनाही एकच प्रत्यय लावतो. आजची इंग्रजी मात्र कर्मणी वाक्यात कर्त्याला ‘बाय’ आणि साधनाला ‘विथ’ लावते, म्हणून आपल्याकडचे विद्यार्थी सहज ‘कट बाय नाइफ’ लिहून जातात. त्यांना दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे, की इंग्रजीतही ही वाटणी पूर्वी इतकी पक्की नव्हती. १६११च्या सुमाराच्या शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकात अस्वलाने माणसाला फाडल्याचे सांगताना ‘विथ अ बेअर’ असेच शब्द येतात. तसेच -शीचे. ‘त्याच्याशी सहमत’ला विथ चालते, पण ‘त्याच्याशी लग्न’ला इंग्रजीत ‘टू’ लागते. उलट ‘माझ्यावर रागावला’ यातल्या -वरच्या जागी ‘ऑन’ न येता ‘विथ’ येते. अशा जोड्या नियमाने पाठ करण्यापेक्षा क्रियापदासकट लक्षात ठेवणेच बरे.

विथमुळे वाक्याचे दोन अर्थही होतात. ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ हे भाषाविज्ञानात आणि संगणकीय भाषा-प्रक्रियेत नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे: दुर्बीण पाहणाऱ्याकडे, की दिसलेल्या माणसाकडे? मराठीत ‘दुर्बिणीने पाहिले’ आणि ‘दुर्बीणवाला माणूस पाहिला’ अशी वाक्येच वेगळी होत असल्याने हा घोळ उरत नाही. ‘फॉट विथ द फ्रेंच’ची गोष्ट निराळी. फ्रेंचांविरुद्ध, की त्यांच्या बाजूने? इथे मराठी ‘फ्रेंचांबरोबर लढले’ हेही तितकेच संदिग्ध आहे.

उच्चारातही एकसारखेपणा नाही. इंग्लंडमध्ये शेवटचा ध्वनी बहुधा घोष (स्वरतंतू कंप पावून होणारा) असतो, तर अमेरिकेत आणि स्कॉटलंडमध्ये तो अनेकदा अघोष (अशा कंपाविना) ऐकू येतो. जिभेचे टोक दातांशी ठेवून केलेले हे घर्षक ध्वनी मराठीत नाहीत, त्यामुळे देवनागरीत ‘विथ’ किंवा ‘विद’ असे लिहिले जाते. शहरी मराठी बोलण्यात ‘विथ फॅमिली या’, ‘विथ जीएसटी किती?’ असे प्रयोग रुळले आहेत. त्यांत विथ इंग्रजीसारखेच नामाच्या आधी येते.